पुढील स्टेशन, ठाणे

मिक्सरचं भांडं बसवलं, झाकणावर हात ठेवला, की पाठीमागून आवाज यायचा : "पुढील स्टेशन, ठाणे." थेट लोकलमधल्या बाईंचा आवाज. 'ठाणे'च्या आधी त्या जेवढं थांबतात तेवढंच थांबून, मग हिंदीत, मग इंग्रजीत. वळून पाहावं तर माझा पाच वर्षांचा मुलगा ओट्याशी उभा. हे २०१६ सालचं. 'पाणी दे' एवढे दोन शब्द त्याने तोवर स्वतःहून कधी जोडले नव्हते, आणि तीन भाषांमधली ही घोषणा मात्र एकही अक्षर न चुकता यायची.

आम्ही डोंबिवलीचे. ठाण्याला माझी बहीण राहते. वाटलं, पोराला आत्याकडे जायचंय. एका रविवारी घेऊन गेलोही. आत्याने साबुदाण्याचे वडे केले होते, ते त्याने खाल्ले, पंख्याखाली बसून राहिला. संध्याकाळी परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चटणी वाटायला घेतली, आणि पुन्हा "पुढील स्टेशन, ठाणे."

मग मी एक वही केली. दोनशे पानी. तीन रकाने आखले : वाक्य, कधी म्हणाला, कुठून आलं. ठाण्याच्या वाक्यासमोर तिसऱ्या रकान्यात 'लोकल' लिहिलं आणि तो प्रश्न सुटला असं समजलो. दुसरा रकाना मात्र वाढतच गेला. मिक्सर. कुकर. खालच्या मजल्यावर भिंत फोडत होते तेव्हा. गणपतीत ढोल कोपऱ्यावर आले तेव्हा. केस कापायच्या दुकानात मशीन हातात घेतलं तेव्हा. रात्री निजायच्या वेळी मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला तेव्हा. बटण, ढोल आणि चटणी यांचा ठाण्याशी काय संबंध?

उत्तर लोकलमध्येच मिळालं. जलद गाडी होती, तो खिडकीशी माझ्या मांडीवर. डोंबिवली सुटलं, बाईंनी घोषणा केली आणि त्याने दोन्ही कान घट्ट झाकून घेतले. मी त्याच्याकडे बघत राहिलो. डब्यात तसा काहीच आवाज नव्हता. काही मिनिटं गेली, आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली. १९१६ सालचा तो बोगदा, सव्वा किलोमीटरहून लांब. एकदम अंधार, उघड्या दारांतून आत कोसळणारा खडखडाट, दारात लटकलेल्या पोरांच्या शिट्ट्या आणि आरोळ्या. मी वीस वर्षं त्या गाडीने जा-ये करत होतो. माझ्या लेखी घोषणा वेगळी आणि बोगदा वेगळा. त्याच्या लेखी ती एकच वस्तू होती. ते वाक्य म्हणजे बोगद्याचं नाव. 'आता अंधार येणार, मोठा आवाज येणार, कान झाका' हे सगळं सांगायला त्याच्यापाशी एवढंच वाक्य होतं, आणि ते तो दर वेळी योग्य जागी वापरत होता. तो आम्हाला सावध करत होता!

घरी येऊन 'लोकल' खोडलं, 'पारसिकचा बोगदा' लिहिलं. त्याच्या आईने ते वाचलं आणि पदराने डोळे पुसत मिक्सरकडे बघितलं. इतके महिने आम्ही त्याला 'नाही रे बाळा, आज ठाण्याला नाही जायचं' असं समजावत होतो, आणि समजावता समजावता बटण दाबत होतो.

वैद्यकात या बोलण्याला इकोलालिया म्हणतात, म्हणजे प्रतिध्वनीसारखं बोलणं. स्वमग्न मुलांपैकी जी बोलतात त्यांच्यात ते खूप आढळतं. काही मुलं ऐकलेलं लगेच परत म्हणतात, काही दिवसांनी, काही वर्षांनी. 'अर्थहीन पुनरावृत्ती' हा शब्द आमच्या पहिल्या रिपोर्टातही होता. वाचून मी तो खराच मानला होता, कारण त्या दिवसांत आम्ही कागदावरचं सगळंच खरं मानत होतो. अडीच वर्षांचा असताना हाक मारली तर बघायचा नाही, म्हणून आधी कानांची 'बेरा' तपासणी झाली. कान उत्तम. तसं आम्हालाही दिसत होतंच : पलीकडच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की हा धावत यायचा. आजी म्हणायची, मुलगे उशिराच बोलतात. मग एका खोलीत, एका शांत बाईंनी आम्हाला तो शब्द सांगितला. ऑटिझम. मराठीत स्वमग्नता.

हा शब्द मला कधीच पटला नाही. मूळ शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, ग्रीकमधल्या 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून केलेला, आणि तोही वेगळ्याच आजाराच्या संदर्भात. आपण त्याचं नेटकं भाषांतर केलं. पण ज्या पोराने घोषणेतला श्वास घेण्याएवढा थांबासुद्धा टिपून ठेवला, तो स्वतःत कुठे बुडालेला? तो तर बाहेरच्या जगात नाकातोंडापर्यंत बुडालेला होता. सगळं आत येत होतं. माझा मेंदू मिक्सरच्या आवाजाला दारातच थांबवून भाजीच्या फोडणीकडे लक्ष देतो, त्याच्याकडे तसा दरवान नव्हता.

या मुलांचं गाजलेलं वर्णन लिओ कॅनर यांचं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ते बालमनोविकारतज्ज्ञ होते. १९४३ साली त्यांनी ११ मुलांबद्दल लिहिलं. त्यांतला पहिला डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. त्याला कॅनरकडे नेण्याआधी त्याच्या वकील बापाने एक पत्र लिहिलं होतं, ३३ पानांचं. मूल काय खातं, काय फिरवतं, कशाला घाबरतं, काय पुटपुटतं, सगळं. स्वमग्नतेचं शास्त्र उभं राहिलं ते एका बापाच्या वहीवर, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कळलं त्या रात्री मी माझी वही उशाशी घेऊन झोपलो.

डोनाल्डचं एक उदाहरण ऐका. चित्रं रंगवताना तो अगदी गंभीरपणे म्हणायचा की अ‍ॅनेट आणि सेसील मिळून जांभळा होतो. ऐकणाऱ्याला वाटावं, पोर भरकटलंय. पण त्याच्या घरी रंगांच्या पाच बाटल्या होत्या, आणि त्या काळी कॅनडातल्या पाच जुळ्या बहिणी, डिऑन भगिनी, जगभर गाजत होत्या. डोनाल्डने पाच बाटल्यांना पाच बहिणींची नावं दिली होती. निळी अ‍ॅनेट, तांबडी सेसील. निळ्यात तांबडा मिसळला की जांभळा होतो, यात चुकलं काय? वाक्य निर्दोष होतं. ऐकणाऱ्याकडे फक्त बाटल्या नव्हत्या. त्याच डोनाल्डचं 'हो'. 'हो' म्हणालास तर खांद्यावर घेईन, असं वडिलांनी एकदा कबूल केलं. तेव्हापासून बराच काळ 'हो' या शब्दाचा अर्थ 'खांद्यावर घ्या' एवढाच होता.

१९४६ साली कॅनरनी नुसत्या या बोलण्यावरच एक लेख लिहिला. त्यात पॉल नावाचा मुलगा आहे. भांडं दिसलं की तो 'पीटर ईटर' म्हणायचा. त्याच्या आईला आठवलं की तो दोन वर्षांचा असताना ती स्वयंपाकघरात एक पीटरचं बडबडगीत म्हणत होती, आणि तेवढ्यात तिच्या हातून भांडं पडलं. त्या एका क्षणात गाणं आणि भांडं कायमची चिकटली. तोच पॉल काहीतरी फेकावंसं वाटलं की स्वतःलाच बजावायचा, कुत्रा गॅलरीतून फेकू नकोस. कुत्रा जवळपास नसायचाच. काही वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये असताना खेळण्यातल्या कुत्र्यावरून आईने त्याला तसं दटावलं होतं. स्वतःला आवरण्यासाठी त्याने आईचं ते वाक्य जसंच्या तसं जपून ठेवलं होतं. कॅनरचं म्हणणं असं की हे बोलणं असंबद्ध वाटतं ते आपल्याला त्याचा उगम ठाऊक नसतो म्हणून. उगम सापडला की वाक्य उजळतं.

मराठीत हा उगम शोधणं इंग्रजीपेक्षा सोपं आहे, असं मला वहीने दाखवलं. मुलगा सहा वर्षांचा असताना खोलीतून कोणी उठलं की म्हणायचा, "आले हं मी, दोन मिनिटांत." आले. आलो नव्हे. आजीला काळजी वाटायची, पोरगा मुलीसारखा बोलतो म्हणून. पण त्या एका मात्रेत वाक्याच्या मालकाचा पत्ता होता. ते आईचं वाक्य. सकाळी त्याला भरवता भरवता गॅस बंद करायला ती उठायची तेव्हाचं. माझी वाक्यंही होती, "निघतो मी, उशीर झाला" हे दारात चप्पल दिसली की यायचं, आणि त्यातला 'तो' माझा होता. आपल्या क्रियापदाच्या शेपटीत बोलणारा पुरुष की बाई हे बऱ्याचदा असतं, त्यामुळे उचललेलं वाक्य आपली खूण सोबत घेऊन येतं. तहान लागली की तो म्हणायचा, "काय हवंय तुला? पाणी हवंय?" तू-मीची ही अदलाबदल कॅनरनीही नोंदवली आहे. ती गोंधळ वाटते, पण त्याच्या बाजूने बघा : पाणी मिळण्याआधी जगात नेहमी हेच शब्द ऐकू येतात. मग पाणी आणणारे शब्द हेच, नाही का?

हे आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. आपणही भाषा सगळीच सुट्या विटांनी बांधत नाही. पाढे आठवा. 'बे त्रिक सहा, बे चोक आठ' हे आपण सुरावर शिकलो. 'चोक' आणि 'सक' हे शब्द पाढ्याबाहेर कुठे वापरतो आपण? रामरक्षा पाठ झाली तेव्हा कितीजणांना अर्थ कळत होता? आख्खा तुकडा आधी आत जातो, सुटा नंतर होतो. अ‍ॅन पीटर्स या भाषाअभ्यासक बाईंनी १९७७ मध्ये मिन नावाच्या एका छोट्या मुलाबद्दल लिहिलं होतं. तो स्वमग्न नव्हता. तो एकेक शब्दाबरोबरच आख्ख्या वाक्यांच्या चाली गुणगुणत भाषेत शिरत होता. काही मुलं शब्दाकडून वाक्याकडे येतात, काही वाक्याकडून शब्दाकडे. माझा मुलगा दुसऱ्या रस्त्याने चालला होता, आणि आम्ही सगळे पहिल्या रस्त्यावर उभं राहून त्याची वाट बघत होतो.

एक काळ असा होता की हे बोलणं बंद पाडणं हाच उपचार समजला जायचा. मूल ऐकलेलं परत बोललं की थांबवायचं. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ ड्यूकन यांनी चार स्वमग्न मुलांची अशी हजारावर वाक्यं चित्रफितींवरून तपासली. वाक्याबरोबर मूल कुठे बघतंय, हात कुठे नेतंय, हे पाहिलं. त्यांना सात वेगवेगळे उपयोग सापडले. होकार, मागणी, बोलण्यात आपली पाळी घेणं, मनाशी उजळणी करणं, असे. सगळ्याच प्रतिध्वनींत निरोप असतो असं नाही. माझा मुलगा सुट्टीच्या दुपारी कळव्यापासून दादरपर्यंतची स्टेशनं नुसती ओळीने म्हणतो आणि त्याचा चेहरा खुलतो. त्यात काही शोधायचं नसतं. कोणी गुणगुणत असेल तर आपण 'काय हवंय?' विचारत नाही.

रॉन सस्किंड हे अमेरिकन पत्रकार. त्यांचा मुलगा ओवेन तीन वर्षांचा होण्याच्या सुमारास होते ते शब्दही हरवून बसला. उरला एकच आवाज, 'जूसरव्होस'. आईला वाटलं, ज्यूस मागतोय. ज्यूस दिला तर घ्यायचा नाही. तो त्या वेळी 'द लिटल मरमेड' या चित्रपटाचा एकच तुकडा मागे नेऊन नेऊन पाहत होता. त्यात चेटकीण जलपरीकडून मोबदला मागते तो तिच्या आवाजाचा, फक्त आवाजाचा. इंग्रजीतले 'जस्ट युअर व्हॉइस' हे तीन शब्द भरभर म्हटले की 'जूसरव्होस' होतं. ज्याचा आवाज गेला होता ते पोर, आवाज गमावणाऱ्या जलपरीचं वाक्य म्हणत होतं. त्याला त्यातलं किती कळत होतं हे त्या दिवशी कोणी सांगू शकलं नसतं. पण पुढे सस्किंड कुटुंब डिस्नेच्या संवादांतूनच ओवेनशी बोलायला लागलं, आणि ओवेन उत्तरं द्यायला लागला. २०१४ मध्ये सस्किंडनी त्यावर 'लाइफ, अ‍ॅनिमेटेड' हे पुस्तक लिहिलं, पुढे त्याचा माहितीपट झाला. मी तो दोनदा पाहिला. दुसऱ्या वेळी माझ्या मुलाची आईही शेजारी बसली होती.

तिच्याबद्दल थोडं लिहायलाच हवं. एका तपासणीत तिला विचारलं गेलं, "गरोदरपणी फार टेन्शन घेतलं होतंत का?" घरच्या एका लग्नात कोणीतरी तिच्या नोकरीचा विषय काढला. या दोषारोपाला जुना इतिहास आहे. कॅनरनी आधी आईबापांच्या थंडपणाकडे बोट दाखवलं, मग शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये आख्खं पुस्तक लिहून आयांना उभं जाळलं. पण त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने ही उपपत्ती पुराव्यानिशी खोडून काढली होती. रिमलंडचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत निदान एक मूल स्वमग्न. ११ एकसारख्या जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघंही स्वमग्न निघाली, १० भिन्न जोड्यांपैकी एकाही जोडीत नाही. मुळं अनुवंशात होती, आईच्या मांडीच्या उबेत नव्हती. तरीही त्या लग्नाच्या मांडवात ती एकटीच बसली होती, आणि मला ते आजही बोचतं.

बोगदा सापडल्यावर आमच्या घरात एक बदल झाला. मिक्सर लावायच्या आधी आता आम्हीच म्हणायला लागलो, "पुढील स्टेशन, ठाणे." पहिल्यांदा मी ते म्हणालो तेव्हा त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. परक्या मुलुखात आपली भाषा बोलणारा कोणी अचानक भेटावा तसं. मग उठून गॅलरीत गेला आणि मिक्सर थांबेपर्यंत शांत उभा राहिला. त्या दिवशी नेहमीचा आकांत झाला नाही.

तोवर मी समजत होतो की आमच्यात जी भिंत आहे ती त्याच्या बाजूने बांधलेली आहे. डेमियन मिल्टन हे इंग्लंडमधले समाजशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. २०१२ मध्ये त्यांनी मांडलं की न कळण्याचा हा प्रकार दोन्ही बाजूंनी असतो. त्यांना आपण कळत नाही, तसेच ते आपल्याला कळत नाहीत. मग त्याला एकट्या त्यांचा दोष का म्हणायचं? पुढे कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी हे तपासायला चक्क कानगोष्टींचा खेळ मांडला. आठ-आठ माणसांच्या साखळ्या, पहिल्याला एक गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. काही साखळ्यांत सगळे स्वमग्न, काहींत एकही नाही, काहींत मिश्र. २०२० मध्ये निकाल छापून आले. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट शेवटपर्यंत पोचली. गळती सर्वांत जास्त झाली ती मिश्र साखळ्यांत. हे वाचून मी कितीतरी वेळ नुसता बसून होतो. आमचं घर म्हणजे मिश्र साखळीच की.

साधारण वर्षभराने वाक्याला तडा गेला. चांगल्या अर्थाने. आजीने कुकर चढवला आणि तो म्हणाला, "पुढील स्टेशन, कुकर." आवाज बाईंचाच, पण शेवटचा डबा सोडवून त्याने दुसरा जोडला होता. मग 'पुढील स्टेशन, ढोल'. 'पुढील स्टेशन, दात', हे दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत. ज्या तुकड्याला जोड दिसत नव्हता, त्याला आता त्याने स्वतः सांधा पाडला होता. वहीत मी त्या पानावर तारीख लाल शाईने लिहिली आहे.

मग करोना आला, दोन वर्षं आम्ही लोकलमध्ये बसलोच नाही. २०२२ मध्ये ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि जलद लोकल पारसिकच्या लांब बोगद्यातून न जाता मुंब्र्याच्या बाजूने जायला लागल्या. मला ते वर्तमानपत्रात वाचून ठाऊक होतं, पण त्याला सांगायचं राहून गेलं. तो अकरा वर्षांचा. खिडकीची जागा मिळाली होती. बाई म्हणाल्या, "पुढील स्टेशन, ठाणे." त्याने कान झाकले. मुंब्र्याचा डोंगर गेला, खाडी आली, कळवा गेलं. हात कानांवरच. ठाण्याचा फलाट दिसला तेव्हा त्याने हात खाली घेतले, काचेला नाक लावून मागे वळून पाहिलं, आणि त्याच्या स्वतःच्या, जराशा घोगऱ्या आवाजात मला विचारलं,

"बाबा, बोगदा कुठे गेला?"

रात्री वही काढली. पहिल्या रकान्यात वाक्य लिहिलं. दुसऱ्यात लिहिलं, 'ठाणे स्टेशन, खिडकीत.' तिसऱ्या रकान्यापाशी, 'कुठून आलं' तिथे, पेन बराच वेळ धरून बसलो. त्याच्या आईला विचारलं, आजीला विचारलं, कोणी कधी असं म्हणालं होतं का. कोणीच म्हणालं नव्हतं. तो रकाना मी कोराच ठेवला.